उणे पंचवीस हजार दोनशे सोळा

लातूरच्या त्या हॉलमध्ये मला एक शब्द बदलू दिला नाही. एक शब्द खोडायचा, त्या जागी दुसरा टाकायचा आणि पुन्हा बटण दाबायचं, एवढंच काम होतं. पाणी पिऊन ग्लास खाली ठेवेपर्यंत झालं असतं. ते होऊ दिलं नाही, आणि या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली तरी मी ती सोडलेली नाही.

मी भांडतो हे सगळ्या नांदेडला माहीत आहे. भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, घरमालकाशी, गॅसवाल्याशी. त्यामुळे लातूरच्या क्लासवाल्याशी माझं बिनसलं हे कळल्यावर सगळ्यांनी गृहीत धरलं की पैशावरून झालं असणार. पैशावरून झालं असतं तर मी ते त्याच आठवड्यात मिटवलं असतं. पैशाचं भांडण कुठं थांबवायचं ते मला कळतं. याचं कळत नाही.

आधी माझं काम काय ते सांगतो, कारण ते पटकन ध्यानात येत नाही. मी माहितीपुस्तकं लिहितो. सॉफ्टवेअर कसं वापरायचं, अमुक भाषेत प्रोग्रॅम कसा लिहायचा, याची पानं आणि शिकवायच्या स्लाइडी. असं लिहिणारे पुष्कळ आहेत. माझ्या पानांत वेगळं एवढंच की त्यांतला कोड जिवंत असतो. मी एका साध्या फाइलीत मजकूर लिहितो, मधेमधे खूण करून कोड घालतो, आणि पान तयार करायची आज्ञा देतो. मग मी केलेला एक छोटा प्रोग्रॅम त्या फाइलीतला एकेक कोड उचलतो, खरोखर चालवतो, आणि त्यातून जे उत्तर बाहेर पडेल ते कोडाखाली चौकटीत आणून ठेवतो. चौकटीतलं एक अक्षरही मी हातानं टाइप करत नाही. स्लाइडीचंही तसंच. पडद्यावर कोड दिसतो, बटण दाबलं की तिथंच चालतो, लोकांच्या डोळ्यांदेखत. कोड चुकला तर पान बनतच नाही.

या पद्धतीत चैन पडत नाही हे खरं. तिसऱ्या पानावर एका गोष्टीचं नाव बदललं की पुढं कुठंतरी चाळिसाव्या पानावर काहीतरी कोसळतं. जेवायला बसलो तरी एक घास तोंडात आणि एक डोळा पडद्यावर. बायको म्हणते, तुमचं पुस्तक लिहून होत नाही, ते सारखं शिजतच असतं.

आमच्या बाजारात इलेक्ट्रिकच्या दुकानात एक लाकडी फळी असायची, अजूनही कुठंकुठं आहे. तिच्यावर होल्डर, सॉकेट, बटणं. बल्ब घ्यायला गेलं की दुकानदार आधी फळीवर लावून दाखवणार, तो पेटणार, मग कागदात गुंडाळून हातात देणार. गिऱ्हाईकही लावून दाखवल्याशिवाय हात पुढं करत नसे. पुस्तकांबद्दल माझं तेच म्हणणं होतं. तुम्ही छापलं आहे की या कोडचं उत्तर एकशे वीस येतं. लावून दाखवा.

हे डोक्यात शिरलं ते भूकंपानंतर. आमचं गाव निलंग्याच्या बाजूचं. ज्या गावांची नावं सगळ्या देशाला कळली त्यांतलं ते नव्हतं, पण भिंती आमच्याही पडल्या. दगडमातीच्या रुंद भिंती, ज्यांच्या सावलीत उन्हाळा निघायचा, त्याच उरावर आल्या. मी तेव्हा दहावीत होतो. पुढं सगळं गाव पत्र्याच्या शेडमध्ये राहिलं. आई निजताना चुलीजवळ पालथा तांब्या ठेवायची, त्याच्यावर पेला, पेल्यावर वाटी, वाटीवर चमचा. जमीन जराशी हलली तरी ती उतरंड खणखणत खाली यावी म्हणून. मांजर आलं तरी यायची. आम्ही सगळे बाहेर, अंगावर पांघरूण धरून. मला वाटतं माझ्यातली अर्धी तगमग त्या चमच्याची आहे.

नवीन घरं कशी बांधायची ते सांगायला एक इंजिनिअर साहेब आले. जनरेटर लावून त्यांनी शाळेच्या भिंतीवर चित्रं दाखवली. घराला जोत्यावर, खिडक्यांच्या वर आणि छताखाली काँक्रीटचे पट्टे घालायचे, म्हणजे घर एकत्र बांधलेलं राहतं. लोक जांभया देत बघत होते. चित्रावर कोण विश्वास ठेवणार? चित्रातलं घर तर उभंच असतं. साहेब हुशार होते. पुढच्या खेपेला त्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दोन घरं आणली, गुडघ्याएवढी. एक आपल्या पद्धतीचं, एक पट्टेवालं. चार माणसांनी ट्रॉली धरून गदागदा हलवली. आपलं घर भसकन बसलं, पट्टेवालं उभं. गाव उठून पुढं आलं. जो माणूस चित्रं बघताना झोपला होता तो आता ट्रॉलीत चढून बोट लावून बघत होता.

तेव्हा माझा बाप म्हणाला, "परत हलवा."

साहेबांनी हलवलं नाही. म्हणाले, हे घर पुढच्या गावात दाखवायचं आहे. ते खरंही असेल. पण माझ्या बापानं घरी येऊन एवढंच सांगितलं की जे परत हलवून दाखवत न्हाईत ते मी बांधत न्हाई. तो पुढं कितीतरी वर्षं पत्र्यातच राहिला. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली बसवत नसे, पण त्याचं म्हणणं बदललं नाही. मी त्याच्यावर चिडायचो. आणि शिकलो मात्र त्याच्याकडूनच.

मी नांदेडला आलो ते टायपिंग करायला. विष्णुपुरीच्या रस्त्याला एका झेरॉक्सवाल्याच्या दुकानात मागच्या बाजूला टेबल मिळालं. इंजिनिअरिंगची पोरं प्रोजेक्टचे रिपोर्ट टाइप करून न्यायची. मी कॉलेजात गेलो नाही, कॉलेज माझ्याकडं टायपिंगला यायचं. त्यांचे रिपोर्ट टाइप करताकरता मी प्रोग्रॅमिंग शिकलो. एकदा एका पोरानं कोड दिला आणि त्याचं उत्तर म्हणून पाच पानं दिली. मी सहज तो कोड मशीनवर टाकून चालवून पाहिला. तो चालतच नव्हता. पोराला सांगितलं तर तो हसला.

"अरे काका, चालतो का न्हाई ते कोण बघून राहिलं? पानं भरली म्हणजे झालं."

काका म्हणायचं माझं वय नव्हतं, त्याचा राग वेगळा. पण पानं भरली म्हणजे झालं, हे मला टोचलं. मी उलट करायला लागलो. ज्याचा कोड चालत नाही त्याला पान नाही. गिऱ्हाइकं तुटली, काही तोंडावर शिव्या देऊन गेली. ज्यांचे कोड खरे चालत होते ती दूरदूरून यायला लागली. तिथंच मी तो छोटा प्रोग्रॅम लिहिला, आणि तिथूनच माझी पानं लातूरला पोचली.

लातूरला तेव्हा क्लासचं पीक आलं होतं. ज्या शहराला लोक भूकंपामुळं ओळखत होते ते आता निकालामुळं ओळखू लागले होते. खोली भाड्यानं द्यायची नाही असं एक घर राहिलं नव्हतं. चौकाचौकात मुलामुलींच्या फोटोंचे बोर्ड, आणि एकच मुलगी तीन बोर्डांवर तीन क्लासची म्हणून हसताना दिसायची. अकरावी-बारावीला काँप्युटर हा विषय मार्क देणारा म्हणून पोरं घेत होती आणि त्याच्या नोट्सला जोर होता. एका मोठ्या क्लासच्या मालकांनी, त्यांना सगळे सर म्हणत, मीही सरच म्हणायचो, माझी पानं बघून मला बोलावून घेतलं.

सरांची केबिन काचेची होती. टेबलावरच्या काचेखाली टाइमटेबल, आणि बोलताना त्यांचं बोट त्याच्यावरून फिरत असायचं, माणूस समोर बसला असला तरी तो कुठल्या तासाला बसला आहे हे बघितल्यासारखं. पैशाचं एका चहात ठरलं. मग मी माझ्या अटी काढल्या. पहिल्या पानावर माझं नाव. हॉलमध्ये प्रोजेक्टर, आणि काँप्युटरचा तास जिवंत स्लाइडींवरच. आणि छापलेल्या पानांत एकही उत्तर हातानं घातलेलं नसेल. सर नावावर अडले. मी उठलो. त्यांनी बसवलं. ते प्रोजेक्टरवर अडले. मी पुन्हा उठलो. दाराशी असताना ते म्हणाले, "नांदेडवाले, तुम्ही खुर्चीत कमी आणि दारात जास्त असता." मी परत येऊन बसलो. शेवटी त्यांनी तिन्ही मान्य केलं, पण एका बोलीवर. जूनमध्ये पालकांसाठी डेमो लेक्चर असतं. तिथं पालकांना जिवंत स्लाइडी पटल्या तर वर्षभर तसंच. नाहीतर नोट्स नेहमीसारख्या.

मला हा सौदा आवडला. पालक म्हणजे गावाकडची माणसं. ट्रॉलीवर चढून बोट लावणारी. मला त्यांची खात्री होती. डेमोच्या आधीच मी पहिल्या भागाची पानं सरांना छापायला देऊनही टाकली.

डेमोच्या आदल्या दिवशी मी माझा सीपीयू गोधडीत गुंडाळून एसटीनं लातूरला आणला. नांदेडपासून लातूरपर्यंत मांडीवर. कंडक्टरनं विचारलं, लेकरू आजारी हाय का. मी हाव म्हणालो, नाहीतर सामानाचं तिकीट लावलं असतं. उतरल्यावर बाजारातल्या गोलाईजवळच्या एका दुकानात एक्स्टेन्शन बोर्ड घेतला. दुकानदार साठीच्या आसपासचे, मेंदी लावलेली दाढी, गिऱ्हाइकं त्यांना चाचा म्हणत होती. मी बोर्डाचे चारही सॉकेट एकेक करून त्यांच्याकडून लावून बघितले, आणि एकात बल्ब जरा उशिरा पेटला म्हणून तो बोर्ड परत करून दुसरा मागितला. त्याचेही चार बघितले. चाचांनी फक्त वर बघितलं.

डेमोच्या दिवशी सकाळपासून लाइट येत-जात होती. हॉलमध्ये एकदा विजेचा दाब इतका वाढला की पंखा कण्हायला लागला, आणि माझ्या सीपीयूतून जळका वास आला. नंतर तो सुरूच झाला नाही. मी तिथं काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. पण फाइली पेनड्राइव्हवर होत्या. क्लासच्या लॅबमधलं एक मशीन वर आणलं, त्यात फाइली टाकल्या. त्या मशीनवर जुना कंपायलर होता, कंपायलर म्हणजे लिहिलेला कोड मशीनला समजेल असा करून देणारा प्रोग्रॅम. कॉलेजांच्या प्रॅक्टिकलला तोच जुना लागतो म्हणून क्लासनंही तोच ठेवलेला. माझा घरचा नवीन होता. मी त्याप्रमाणं फाइलीत एक ओळ बदलली, स्लाइडी चालवून बघितल्या. सगळं ठीक.

हॉल भरला होता. पुढच्या रांगेत सर आणि त्यांचे मास्तर, मागं पालक. कोणी उदगीरकडून आलेले, आपसात कानडीत बोलणारे, कोणी टोपीवाले, कोणी बायकोच्या मांडीवर धाकटं घेऊन. मी पहिल्या दोन स्लाइडी चालवल्या. बटण दाबलं की पडद्यावर उत्तर उमटतं हे बघून माणसं सरसावून बसली. मग फॅक्टोरियलची स्लाइड आली. पाचचं फॅक्टोरियल म्हणजे एकापासून पाचपर्यंतच्या आकड्यांचा गुणाकार, एकशे वीस. प्रत्येक गाइडात हा प्रोग्रॅम असतो आणि प्रत्येक गाइडात पाचच असतो. मीही घरी कायम पाचच घालून बघितलं होतं. पण आज मला तेवढ्यावर थांबायचं नव्हतं.

मी म्हणालो, "मी सांगितलेला आकडा नको. तुम्ही सांगा. कुठलाही सांगा, तुमच्यासमोर चालवतो."

एक बाई हळूच चार म्हणाल्या. चोवीस आलं. एका पोरानं पाच म्हटलं, एकशे वीस. मग मागून आवाज आला, "आठ." वळून बघितलं तर बोर्डवाले चाचा. शेजारी त्यांची मुलगी, ओढणीत तोंड लपवून हसत होती. चाचा म्हणाले, "काल तुम्ही आठ सॉकेट लावून बघितले. आज आमची बारी."

हॉल हसला. मीही हसलो. आठ घातलं, बटण दाबलं. पडद्यावर आलं, उणे पंचवीस हजार दोनशे सोळा.

एकापासून आठपर्यंत गुणत गेलं तर उणे कुठून येणार? हे पाचवीतल्या पोरालाही कळतं. पुढच्या रांगेतले गणिताचे मास्तर खुर्चीत मागं रेलले आणि शेजाऱ्याच्या कानात काहीतरी बोलले. मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. चाचा हसले नाहीत. म्हणाले, "फिरसे लावा."

मी पुन्हा चालवलं. तेच. आणि तेच बघता बघता मला उमगलं. जुन्या कंपायलरमध्ये साध्या पूर्णांकाला जागा लहान असते. बत्तीस हजार सातशे सदुसष्टपर्यंत मावतं, त्यापुढं गेलं की आकडा उलटतो आणि उण्यात शिरतो, स्कूटरच्या मीटरचे सगळे नऊ भरले की शून्यावर येतात तसा. आठचं फॅक्टोरियल चाळीस हजार तीनशे वीस. मावलं नाही. माझ्या घरच्या नव्या कंपायलरवर मावलं असतं. कोडच्या पहिल्याच ओळीत जागेचा एक शब्द होता, तो खोडून मोठ्या जागेचा शब्द घातला की झालं. मला आनंद झाला, खरं सांगतो. याच्याइतका चांगला धडा मी ठरवून आणला नसता. एकाही गाइडात हे नाही, कारण गाइडवाले पाचाच्या पुढं जात नाहीत आणि पोरांना प्रॅक्टिकलला मशीनवर उणे दिसलं की ती समजतात आपलं चुकलं. इथं सगळ्यांसमोर आधी उणे आलं होतं, आता सगळ्यांसमोर बरोबर येणार होतं. ट्रॉली परत हलणार होती.

मी म्हणालो, "थांबा. एक शब्द बदलतो," आणि कीबोर्डकडं हात नेला.

सर उठून आले होते. त्यांनी प्रोजेक्टरची वायर उपसली. पडदा निळा झाला, मग काळा. माइक हातात घेऊन त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं की लाइटच्या गडबडीमुळं मशीनमध्ये जरा बिघाड झाला आहे, पालकांनी चहा घ्यावा, त्यानंतर केमिस्ट्रीचे सर बोलतील.

मी म्हणालो, बिघाड नाही. माइक त्यांच्याकडं होता. मी मोठ्यानं म्हणालो, बिघाड न्हाई, वायर लावा, एक शब्द बदलायचा आहे. सर माइक बाजूला धरून हळू आवाजात म्हणाले, "खाली बसा. माझ्या पालकांसमोर माझं हसं झालंय."

तिथं मी थांबलो असतो तर गोष्ट वेगळी झाली असती असं लोक सांगतात. मी थांबलो नाही. सगळा हॉल ऐकेल असं म्हणालो, "माझा कोड तरी मी लावून दाखवतो. तुमच्या बोर्डावरचे फोटो तुम्ही लावून दाखवा."

चहाचे कप घेऊन उभी राहिलेली माणसं तशीच राहिली. एकच मुलगी तीन क्लासच्या बोर्डांवर असते हे सगळ्यांनाच माहीत होतं, पण ते हॉलमध्ये कोणी बोलत नसतं. सरांनी केमिस्ट्रीच्या सरांना पुढं बोलावलं.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये ते मुळीच चिडलेले नव्हते. मला त्याचाच जास्त राग आला. बोट टाइमटेबलवरून फिरवत त्यांनी आपली बाजू मांडली आणि ती बाजू कच्ची होती असं मी म्हणणार नाही. म्हणाले, "पेपर माणूस तपासतो, मशीन नाही. पोरगं कागदावर लिहिणार. लाइट गेली तरी कागदावरचं एकशे वीस जात नाही. आणि आमच्याकडं चूक बघून कोणी अ‍ॅडमिशन घेत नाही." नोट्स मीच लिहाव्यात, पहिल्या पानावर नावही राहू द्यावं, फक्त उत्तरं हातानं घालावीत आणि स्लाइडी बंद. हॉलमधलं बोलणं ते विसरायला तयार होते.

नावासाठी तर मी खुर्ची सोडून उठलो होतो. आता ते फुकट मिळत होतं. मी घासाघीस केली, कारण मला दुसरं येत नाही. म्हणालो, नाव काढा. पैसे कमी करा. स्लाइडीही नको. त्याच पालकांना एकदा बोलवा आणि मला ती एक स्लाइड चालवू द्या. एकदाच.

सर म्हणाले, "ती माणसं पुन्हा एकत्र येत नसतात."

"चिठ्ठ्या पाठवा."

"काय लिहू? की परवा आमचं चुकलं ते बघायला या?"

"चुकलं नव्हतं."

"हे तुम्हाला माहीत आहे," सर म्हणाले. "त्यांना नाही." आणि त्यांचं बोट पुढच्या तासावर गेलं.

मी दारात गेलो. या वेळी त्यांनी बोलावलं नाही.

पहिल्या भागाची पानं त्यांच्याकडं होतीच. त्या वर्षी नोट्स निघाल्या. मजकूर माझा, उदाहरणं माझी, उत्तरं दुसऱ्या कोणीतरी हातानं घातलेली, नाव क्लासचं. फॅक्टोरियलला पाच होतं. आठ कुठंच नव्हतं. मी वकिलाकडं गेलो नाही. वकिलाला काय सांगणार होतो, एक शब्द बदलू दिला नाही म्हणून?

पुढं माझं बरं चाललं. पुण्या-हैदराबादच्या कंपन्या नांदेडला काम पाठवायला लागल्या. जिवंत कोडची पानं आता सगळीकडं होतात, त्यासाठी तयार साधनं मिळतात, कोणी त्याचं कौतुकही करत नाही. पण मी कुठंही स्लाइडी दाखवायला गेलो की पहिल्यांदा भिंतीत वायर कुठं जाते ते बघतो आणि तिच्याजवळ उभा राहतो. आणि प्रत्येक नव्या लॅपटॉपवर तो जुना कंपायलर टाकून ठेवतो. कामाला लागत नाही. तरी ठेवतो.

मागच्या वर्षी एका कॉलेजच्या कामासाठी लातूरला गेलो होतो. गोलाईवरून जाताना ते दुकान दिसलं. गल्ल्यावर चाचाच होते, दाढी आता नुसती पांढरी. फळी तशीच भिंतीला. मला वाटलं ओळखणार नाहीत. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "आठ सॉकेट."

चहा मागवला. मुलगी काँप्युटरमध्येच इंजिनिअर झाली, बंगलोरला असते, असं सांगितलं. मग थोडा वेळ गिऱ्हाइकांत गेला आणि त्यांनी स्वतःच विचारलं, "तो उणे कुठून आला होता हो?"

इतकी वर्षं मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी बॅगेतून लॅपटॉप काढला, गल्ल्यावर बल्बच्या खोक्यांमध्ये ठेवला. जुना कंपायलर उघडला. कोड मला पाठ होता. आठ घातलं. उणे पंचवीस हजार दोनशे सोळा. चाचा चष्मा लावून वाकले. मी तो शब्द खोडला, दुसरा घातला, बटण दाबलं. चाळीस हजार तीनशे वीस. मी त्यांना जागा लहान असल्याचं सांगितलं, मीटरचं सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. "हां," म्हणाले. "म्हणजे डबा लहान होता."

"हाव."

"मग तेव्हाच बोलायचं होतं की. डबा लहान हाय म्हणून. आम्ही दुकानदार माणसं, एवढं कळत न्हाई का आम्हाला?"

"सरांनी वायर काढली."

"वायर काढली, तोंड तर चालू होतं तुमचं. ते फोटोबिटोचं सगळं ऐकू आलं आम्हाला."

मी म्हणालो की बोललेलं कोण ऐकतं, लोकांना लावून दाखवायला लागतं. पडद्यावर उणे दिसल्यावर नुसतं तोंडानं सांगितलं असतं तर सारवासारव करतो म्हणाले असते सगळे.

"बाकीचे म्हणाले असते," चाचा म्हणाले. "मी ऐकलं असतं. पोरगी घरी येऊन रडली माझी, काँप्युटर घेऊ का नको म्हणून. मला फक्त कळायला पाहिजे होतं की मशीन खोटं बोलतंय का तुम्ही."

एक गिऱ्हाईक बल्ब मागायला आलं. आता बल्बला खोक्यावरच गॅरंटी असते, चाचांनी तसाच काढून दिला. मी म्हणालो, लावून दाखवा त्यांना. चाचांनी माझ्याकडं बघितलं, खोकं उघडलं, फळीवर बल्ब लावला. पेटला. गिऱ्हाइकाला घाई होती, त्यानं बघितलंही नाही.

एसटीत मी अहमदपूरपर्यंत चाचांशी मनात भांडत आलो. त्यांना आज पटलं ते आज लावून दाखवलं म्हणून. त्या दिवशी पटलं नसतं. हे मी आजही म्हणतो. आणि सरांनी वायर काढली ती काढलीच, त्याला काही उत्तर नाही.

पण नांदेडला आल्यावर मी ती स्लाइड उघडली. ती अजून माझ्याकडं आहे, नव्या कंपायलरवर, जुन्या कंपायलरवर, दोन्हीकडं चालते. उत्तराच्या चौकटीखाली मी एक ओळ घातली: आकडा उणे आला तर समजा, डबा लहान आहे. हातानं टाइप केली. ती चालवून बघता येत नाही, आणि दर वेळी स्लाइड उघडली की माझी नजर आधी तिच्यावरच जाते आणि मन खट्टू होतं. काढलेली मात्र नाही.